आईनं विचारलेला शब्द

काल वरूडहून आलेली संत्र्यांची पेटी उघडली आणि त्या वासानं मी थेट बी.ए.च्या इंग्रजी पेपरच्या आदल्या संध्याकाळी जाऊन बसले.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि त्याचा मला ताठा होता. खाटेवर बसून मी इंग्रजीतले दुःखाचे शब्द मोठ्यानं घोकत होते. सॉरो, ग्रीफ, मेलँकली. आई नुकतीच संत्री निवडण्याच्या कामावरून परतली होती. दिवसभर ती मोठ्या, मधल्या, बारक्या फळांचे ढीग लावायची. तिच्या हातांना सालीचा वास होता.

"हे सारं दुःखच हाय काय?" तिनं विचारलं.

"हो, पण परतेक अलग."

"मंग त्यातलं मोठं कोनतं?"

"ग्रीफ. कोनी मेलं का होते ते."

"अन् धा वर्स झाले तरी जात नाही, ते कोनत्या ढिगात टाकतेत? आपली सुमी..."

सुमी माझी धाकटी बहीण. चार वर्षांची असताना तापानं गेली.

"आई, तुले नाही समजत त्यातलं. मले पाठ करू दे."

"कर माय," म्हणत ती चुलीकडे वळली.

पेपरात मला चांगले मार्क पडले. ते मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. आता आईही नाही. सुमी गेल्यावर आईच्या तोंडून तिचं नाव मी त्या एकाच संध्याकाळी ऐकलं, आणि मी तिला पुढं बोलू दिलं नाही.