बोर्डावरचं ह्यायचं नाव

माही शाळा नववीतच सुटली. ह्यायचं कॉलेज झालेलं. लग्न जमलं तवा मधल्या मानसानं बाबाले सांगतलं, पोराचं नाव कॉलेजच्या बोर्डावर हाय, बाबाले वाटलं सायेब असन, अन् मी दारव्ह्याले नांदाले आली तवा कळलं का हे ऑटो चालवतेत, बोरी अरब गावचे पोट्टे शाळेत पोचवतेत. पन बोर्ड खराच होता. लग्नानंतर ह्यायनं मले नेऊन दाखवला. लाकडाची निळी पाटी, तिच्यावर बास्केटबॉलवाल्या पोट्ट्याईचे तीन रेकॉर्ड. एका साली सगळ्यात जास्त पॉइंट कोनं केले, रिंगवरून परतलेला बॉल सगळ्यात जास्त कोनं धरला, अन् शेवटी असिस्ट. तिथं ह्यायचं नाव. पहिला पोलिसात गेला, दुसरा रेल्वेत, अन् तिसरे आमचे हे.

"असिस्ट म्हंजे काय वो?" म्या इचारलं.

"म्या बॉल देल्ला अन् दुसऱ्यानं टाकला, तं माह्या नावावर असिस्ट. त्याचा हुकला तं माहं काहीच नाही."

हे घरी जाऊबाईले सांगतलं तं त्या पोटभर हासल्या. "दुसऱ्याले देल्ल्याचाही रेकॉर्ड रायते काय व? मंग आमच्या ह्यायचं नाव तं मोठ्या अक्षरात पायजे, घरातलं सारं दुसऱ्यालेच देऊन राह्यले!"

हासू दे. मले थे नाव लय आवडे. कोनी रस्त्यात ह्यायले "ए ऑटो, इकडं घे" असं खेकसलं का मले मनात थो निळा बोर्ड दिसे, अन् पोरगी झाली तवा म्या ठरवलं का हिले पह्यलं नाव वाचाले शिकवीन तं थेच.

अन् यंदा हिवाळ्यात हे जेवता जेवता म्हनतेत, "या साली आपला रेकॉर्ड जाते वाटते. कॉलेजात एक पोट्टा हाय, भारी पास देते." अन् वरून भाजी मागतली! माहा घास तसाच हातात. म्या इचारलं, मंग तुमचं नाव? तं म्हने, "पुसतीन. एका रेकॉर्डले एकच नाव असते."

मले मुळातच भेव लवकर लागते. गर्दीचं लागते, मोठ्या आवाजाचं लागते. तरी आखरी मॅचच्या दिवशी मी लेकराले घेऊन कॉलेजच्या ग्राउंडवर गेली. ह्यायनं सांगतलं होतं, रेकॉर्ड मोडाले त्या पोट्ट्याले आता एकच असिस्ट बाकी हाय. हे तिकडं खेळाडूईच्या मांगं जाऊन उभे राह्यले, मी अलीकडं पायरीवर बसली. बाजूले एक बाई होती, पदरात भुईमुगाच्या शेंगा. तिनं मले मूठभर देल्ल्या, अन् लेकराले न इचारताच आपल्या मांडीवर घेतलं. "थो उंच दिसते ना, थो माहा," म्हने.

तिचाच पोरगा बॉल टाकनारा होता अन् त्यालेच त्या रेकॉर्डवाल्या पोट्ट्याचे पास भेटून राह्यले होते. पहिला हुकला. माहा जीव भांड्यात पडला. दुसरा बी हुकला. मी मनात म्हनून राह्यली होती, देवी माय, हुकू दे, असाच हुकू दे, आजचा दिवस निभू दे.

"काय झालं व बाई माह्या पोट्ट्याले," बाई म्हने. "सकाऊन जेवला बी नाही. भाकर तशीच ठेवून आला."

ती माह्या लेकराची पाठ थोपटून राह्यली होती. बॉल रिंगवर आदळला का तिचा हात थांबे. हुकला का जराशानं पुन्हा सुरू होये, पन हळू, बिना जोराचा. माही पोरगी तिच्या मांडीवर मजेत झोपली होती, अन् मी तिच्या पोराचं वाईट मागून राह्यली होती. मले तिच्याकडं पाहवेना.

तेवढ्यात पल्याडून ह्यायचा आवाज आला, "कोपऱ्यात दे बे! कोपऱ्यात थो मोकळा हाय!" त्या पोट्ट्यानं न पाहताच कोपऱ्यात पास फेकला, बाईच्या पोरानं उडी घेतली, बॉल रिंगवर गेला अन् तिथंच फिरू लागला, अन् मी कवा उभी झाली मलेच ठाऊक नाही, मी वरडून राह्यली होती, "जा ना व माय आत! जा ना!"

गेला. बाईनं लेकरासकट मले कवटाळलं, लेकरू दचकून रडाले लागलं, अन् पल्याड हे त्या पास देनाऱ्या पोट्ट्याले उचलून गरगर फिरवून राह्यले होते.

परतताना ऑटोत मी लेकराले मांडीवर घेऊन मांगं बसली. "कायचा इचार करून राह्यली?" ह्यायनं इचारलं.

"आता पुसतीन ना नाव."

"अव, माह्या नावाखाली बी एक नाव हाय. माह्यासाठी थे पुसलं तवा थो मानूस सोता आलता, पेंटरचा स्टूल त्यानंच धरला होता. आता माही पारी."

हे मले कवाच सुचलं नव्हतं, का आमचं नाव लिवलं तवा कोनाचं तरी गेलं असन, अन् त्याच्याही घरी कोनी असन.

पेंटर आला त्या दिवशी मी बी गेली. पेंटर स्टूलवर चढून चिंधीनं घासून राह्यला होता अन् हे खालून स्टूल धरून म्हनतेत, "जोरात घास गा, पक्कं लिवलं होतं!" थो नवा पोट्टा भिताडाले टेकून खाली मान घालून उभा. "दादा, सॉरी," म्हने.

"सॉरी कायले बे? तू आपला रोज कोर्टवर ये. मीही सांजच्याले पोट्टे सोडून येत जाईन, खेळाच्या सरले इचारलं हाय म्या. तुह्या मांगं बी कोनी तयार करावं लागन ना?"

पोट्ट्यानं मान वर केली अन् हासला. हे मले घरी बोलले नव्हते. म्या रागानं पाह्यलं, तं हे माह्याकडं पाहून लाजले.

ह्यायच्या नावाची जागा कोरी झाली. पेंटरनं ब्रश बुडवला अन् पहिलं अक्षर काढाले हात लांबवला तसा स्टूल डुगडुगला. म्या लेकरू कडेवर घेतलं अन् दुसऱ्या बाजूनं स्टूल गच्च धरला.