पुढं काय करायचं असतंय?

सेलूला आमचं कापडाचं दुकान आहे. त्या हिवाळ्यात बाथरूममध्ये गॅसचा गीझर बसवला आणि गार वारं येतंय म्हणून यांनी खिडकीला पुठ्ठा ठोकला. एका सकाळी पाण्याचा आवाज येत होता, पण हे हाकेला ओ देईनात. शेजाऱ्यांनी दार तोडलं. हे फरशीवर निपचित पडले होते.

परभणीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. काही दिवसांत हे घरी आले, दुकानात बसायला लागले. मला वाटलं, सुटलो.

महिन्याभरानं हे पूजेला बसले. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि तसेच बसून राहिले. लहानपणापासून रोज केलेली पूजा.

"पुढं काय करायचं असतंय?" त्यांनी मला शांतपणे विचारलं.

मी त्याच दिवशी यांना घेऊन परत परभणीच्या दवाखान्याला निघाले. गाडीत मानवत रोड स्टेशन गेल्यावर हे म्हणाले, "आपण कुठं जायलोय?" मी सांगितलं. थोड्या वेळानं परत तेच विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गीझरच्या त्या वायूनं, कार्बन मोनॉक्साइडनं, असं होतं कधी कधी. माणूस बरा होतो आणि काही आठवड्यांनी विसरायला लागतो."

"तो वायू अजून डोक्यात हाय का?"

"तो केव्हाच निघून गेला. पण त्यानं ऑक्सिजन तोडला, त्याची इजा आता दिसायलीय. खरं तर आपला मेंदू स्वतःही हा वायू कणभर बनवतो. नायट्रिक ऑक्साइडही बनवतो. निरोप मिळालेली पेशी असा वायू सोडते, तो निरोप पाठवणाऱ्या पेशीत मागं शिरतो आणि दोघींमधला जोड पक्का करायला मदत करतो. आठवण अशीच टिकते, असं मानतात."

हे ऐकून मी जास्तच घाबरले. ज्या वायूला रोज शिव्या देत होते, तो माझ्याही डोक्यात होता.

"बरे होतील का?"

"बरेच जण होतात. रोजचं काम रोज करून घ्या. वापरानंच जोड पक्के होतात."

मग मी रोज सकाळी समोर बसून सांगायची: आता भस्म, आता पाणी, आता बेल. हे माझ्या तोंडाकडं बघायचे, तेव्हा भीती वाटायची, आज विचारतील, तू कोण? तसं त्यांनी कधी विचारलं नाही.

उन्हाळ्यात एकदा मी बोलायच्या आत यांनी भस्म घेतलं, पाणी घातलं, बेल वाहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता हे दुकानात बसतात. एखाद्या कापडाचा भाव मला दोनदा विचारतात, आणि दुसऱ्यांदा विचारलं की अजूनही माझ्या छातीत धस्स होतं.