स्टोकची आंबोळी आणि फुलांची मेंढी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी बर्मिंगहॅमजवळच्या एका लहान कंपनीत इंजिनिअर होते. चिनी मातीची भांडी भाजायच्या भट्ट्यांसाठी आम्ही कंट्रोल पॅनल बनवायचो. एका जुलैमध्ये ती पॅनल्स बघायला जपानहून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. आठवडाभर मी त्यांना स्टोक या कुंभारकामाच्या शहरातल्या कारखान्यांतून हिंडवलं. रोज संध्याकाळी आमचा बॉस त्यांना हॉटेलात नेऊन स्टेक खाऊ घालायचा.

शुक्रवारी परतताना गाडीत ते हळूच म्हणाले, "एक विचारू? इथली माणसं घरी काय खातात?"

इतकी वर्षं या देशात राहून मी दुपारी डब्यातली पोळीभाजी खायचे, फार तर कँटीनमधले चिप्स. नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, त्याचाही डबा तोच. अंडं मला चालायचं, पण त्यापुढे मांसमच्छीपर्यंत मी कधी गेले नव्हते, आणि त्याशिवाय इथलं काय काय मिळतं हेही कधी विचारलं नव्हतं.

"खरं सांगू? मलाही माहीत नाही," मी म्हटलं.

ते इतके मोकळे हसले की आठवड्यात पहिल्यांदाच मला त्यांचे दात दिसले. "मग आपण दोघंही पाहुणे!"

शनिवारी त्यांना डोंगर दाखवायचे आणि संध्याकाळी बॉसच्या जेवणाला हॉटेलात हजर करायचं, असं ठरलं होतं. मी त्याच संध्याकाळी स्टोकच्या एका कारखान्यातल्या रिसेप्शनिस्टला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "ओटकेक खाल्ल्याशिवाय स्टोक सोडू नका," आणि पत्ता सांगितला.

पत्त्यावर दुकान नव्हतंच. विटांच्या घरांची ओळ, त्यातल्या एका घराची बैठकीची खिडकी उघडी, आणि फुटपाथवर रांग. काही जण तर घरातल्या सपाता घालूनच आलेले. खिडकीत एक गोल चेहऱ्याची बाई उभी होती. माझा नंबर आल्यावर म्हणाली, "काय देऊ, डक?"

पाहुणे माझ्या कानाशी आले. "त्यांनी तुम्हाला बदक म्हटलं?"

"इथे प्रेमानं म्हणतात. आता तुम्हालाही म्हणतील."

"आणि तुम्हाला, डक?" बाईंनी लगेच विचारलं. पाहुण्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मागची सगळी रांग हसली, तेही हसले.

तेवढ्यात बाईंनी तापलेल्या जाड पत्र्यावर पळीनं पीठ ओतलं, गोल पसरलं, आणि बघता बघता त्याला जाळी पडली. मी खिडकीतून अर्धी आत वाकले. रंग नाचणीच्या आंबोळीचा, वासही तसाच, किंचित आंबूस.

"हे पीठ आंबवता?"

"ओट्सचं आहे. यीस्ट घालून ठेवतो."

"आमच्याकडे तांदूळ आणि उडीद वाटून ठेवतात. आई करायची, रत्नागिरीला."

"मग तुला दोन लागतील," असं म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही ओटकेकवर चीज पसरलं. पाहुण्यांनी बेकनचा घेतला. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून आम्ही उभ्याउभ्याच खाल्लं. चीज कडेनं ओघळत होतं. पाहुणे पुन्हा जाऊन रांगेत उभे राहिले. या वेळी चीजचा, मग सॉसेजचा. मी बोटं चाटत होते आणि सासरमाहेरच्या कोणालाही हे कसं सांगायचं, याचा विचार करत होते. परदेशात आंबोळी सापडली म्हणून कोण विश्वास ठेवणार?

तिथून आम्ही डर्बीशायरच्या डोंगरांकडे निघालो. एका खेड्यात पाय मोकळे करायला थांबलो, तर सभागृहाचं दार उघडं आणि आत बरीच माणसं टेबलांवर वाकलेली. डोकावून पाहिलं. मोठाल्या लाकडी फळ्यांवर ओली माती थापलेली, आणि त्या मातीत माणसं फुलांच्या पाकळ्या एकेक करून दाबून बसवत होती. एका म्हाताऱ्या आजींनी आम्हाला आत बोलावलं. गावातल्या झऱ्याचे आभार मानायला ते दरवर्षी असं चित्र करतात, आणि रविवारी ते झऱ्याशी उभं करतात, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षी चित्रात मेंढपाळ आणि त्याचा कळप होता.

"मदत करता का? माणसं कमीच पडतात."

पाहुण्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या. आजींनी दाखवलं: खालून सुरुवात करायची, वरची पाकळी खालचीवर थोडी चढवायची, कौलं शाकारतात तशी, म्हणजे पावसाचं पाणी घरंगळून जातं. मला आकाश मिळालं, निळ्या हायड्रेंजियाचं. पाहुण्यांना एका मेंढीचा कान. ते ती इवलीशी पांढरी पाकळी चिमटीत धरून श्वास रोखून बसवत. रांगोळीत माझा हात कधीच सरळ चालला नाही, पण त्या दिवशी आकाश बरं जमत होतं.

घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा मी दचकले. धावत गावातल्या फोन बूथवर गेले.

"बॉस, आम्हाला उशीर होणार."

"पाहुणे कुठे आहेत?"

"टेबलावर वाकून मेंढीचा कान करतायत. फुलांचा."

मग तो म्हणाला, "खूश आहेत?"

"फार."

"मग राहू दे. हॉटेलला मी कळवतो."

मी उड्या मारतच परतले. रात्रीचं जेवण गावानंच दिलं: चीज आणि कांद्याचं सारण भरून भाजलेला गरम 'पाय', आणि वर बदामाचं, जॅमचं बेकवेल पुडिंग. पाहुण्यांनी तीनदा घेतलं. "माझ्या बायकोला हे सांगता येणार नाही," ते म्हणाले, "तिनं मला डाएटवर ठेवलंय."

चित्र उभं राहिलेलं बघायचंच, असा त्यांनी हट्ट धरला. त्यामुळे रविवारी मी नवऱ्याला आणि सहा वर्षांच्या लेकीलाही गाडीत घातलं. झऱ्याशी अख्खा गाव जमला होता. लेकीनं चित्राकडे बोट दाखवलं. "आई, हा मेंढी किती छान आहे!"

"ही मेंढी," नवऱ्यानं सुधारलं.

"कान माझा आहे," पाहुण्यांनी तिला इंग्लिशमध्ये गंभीरपणे सांगितलं.

तिनं त्यांचा कान नीट निरखून पाहिला.

पाद्रींनी प्रार्थना म्हटली आणि पाहुण्यांशी हात मिळवायला आले. पाहुणे वाकले. पाद्रींनी हात मागे घेतला आणि तेही वाकले. मग पाहुणे आणखी खाली, पाद्री त्याहून खाली. कोणी थांबायचं हे दोघांनाही कळेना. शेवटी बँड वाजायला लागला आणि दोघंही हसत सरळ झाले. आम्ही सगळे गवतावर बसलो. आइस्क्रीमची गाडी आली, आणि पाहुण्यांनी माझ्या लेकीचा हात धरून रांगेकडे धूम ठोकली.