मांजरं घर सोडत नाहीत

दिवेलागणीला अव्वा दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहायची आणि उलथन्याच्या दांड्यानं पितळी वाटी वाजवायची. मग माळवदांवरून, भिंतींवरून, कासारमामांच्या ओट्याखालून मांजरं यायला लागायची. ती पायाशी गोळा झाली की अव्वा एकेकाचं नाव घ्यायची. मोजायची मात्र कधी नाही. जित्या जिवाची मोजदाद केली की दृष्ट लागते, असं तिचं म्हणणं. नावं घेऊन झाली की ती मान उंचावून गल्लीच्या टोकापर्यंत बघायची आणि म्हणायची, "एक कमी वाटतंय."

सगळी आलेली असली तरी म्हणायची. मी समोरच्या खोलीच्या दारात बसून मुलांच्या पाट्या तपासत असायचो. "अव्वा, सगळी हाजिर आहेत," असं मी म्हटलं की ती माझ्याकडे संशयानं बघायची. "तुम्हाला काय कळतंय मास्तर? तुमची पोरं घंटा झाली की येतात. हे लेकरं कुणाचं ऐकत्यात का?"

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. ज्याच्या काळजीला आपण हसतो आणि ज्याची काळजी थांबली की आपल्यालाच चुकल्यासारखं होतं, असं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी परंड्याच्या सरकारी मदरशात उर्दू शिकवत होतो. नवीनच लग्न झालेलं. गल्लीत आमचं एकच मुसलमानाचं घर, पण अव्वानं पहिल्याच दिवशी माझ्या बायकोच्या ओटीत गूळ घातला आणि वर बजावलं, "दार लोटताना खाली बघत जा गं. एखादं मांजर सापडंल." अव्वा म्हणजे कानडीत आई. ती नळदुर्गाकडची, लिंगायत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्याचं भुसाराचं दुकान ती एकटी चालवायची. ज्वारी, डाळी, गूळ, मीठ. धान्य आलं म्हणजे उंदीर आले, आणि उंदीर आले म्हणजे मांजर आलं. पहिलं मांजर नवऱ्यानं आणलेलं. पुढची त्या मांजरानं आणली.

तिची अडचण अशी होती, की ती गळ्यात लिंग बांधणारी, मुंगीही न मारणारी बाई. मांजरानं उंदीर धरला की "शिवशिवा" म्हणत डोळे झाकून घ्यायची आणि झाकलेल्या डोळ्यांनीच विचारायची, "कुणी मारला? सुभेदारानं व्हय? गुणाचं ते." मांजरांशी ती कानडीत बोलायची. त्यांना मराठी कळत नाही असा तिचा पक्का समज होता. नावं मात्र सरकारी ठेवलेली. लठ्ठ बोका सुभेदार, दारोदार फिरणारा पटवारी, आणि चुलीवर चढून बसणारा तांबडा तो अमीन.

एकदा खरे अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे साहेब, धान्याची चौकशी करायला आले. पायरीवर एक पाय ठेवला आणि आतून अव्वाचा आवाज आला, "अमीन, खाली उतर म्हणते ना! मेल्या, समदं दूध सांडलंस!" साहेबांनी पाय खाली घेतला. आम्ही गल्लीभर माणसं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. पुढं कित्येक दिवस, मांजराला धरून नेतील या धास्तीनं अव्वा त्याला नुसतं "साहेब" म्हणत होती. त्यामुळे प्रकरण सुधारलं असं मला वाटत नाही.

पण खरं सांगायचं तर त्या मांजरांनी तिला सुख कमी आणि घोरच जास्त दिला. पिल्लं झाली की घारीची भीती, मोठी झाली की कुत्र्यांची, त्यातून वाचली की बैलगाडीच्या चाकाची. एकदा बहिणीकडे बारशाला निघाली आणि बार्शीपर्यंत जाऊन माघारी आली. "मन लागंना," म्हणाली. लंगडी नावाची एक करडी मांजरी होती, तिचा मागचा पाय कधीतरी चाकाखाली गेलेला. वाटी वाजली की ती सगळ्यांत शेवटी यायची, आणि ती येईपर्यंत अव्वाच्या कपाळावरची आठी जायची नाही. कासारमामांचा मांजरांवर राग होता. त्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि पटवारी नेमका बांगड्यांच्या चळतीमागं झोपायचा. "अव्वा, हे सगळं गोण्यात भरून नदीपल्याड सोडा," ते म्हणायचे. अव्वा उत्तर द्यायची, "सोडून काय व्हतंय मामा? मांजर घर सोडत न्हाय. माणूस सोडंल, पर ते न्हाय सोडत."

त्या हिवाळ्यात कुर्डुवाडीकडून बातमी आली, की तिकडं उंदीर पडायला लागलेत. आजच्या पोरांना उंदीर पडणं म्हणजे काय ते सांगावं लागेल. गाठीच्या तापाची साथ यायची ती आधी उंदरांत यायची. घरात अंगावर जखम नसलेला उंदीर मरून पडला की समजायचं, आता गाव उठवायचं. घरदार सोडून माळावर झोपड्या घालायच्या आणि साथ सरेपर्यंत तिथं राहायचं. जो उशीर करील त्याच्या काखेत गाठ.

आता विचार करा, आमच्या गल्लीत काय झालं असेल. अव्वाच्या मांजरांना मारलेला उंदीर कुणाच्यातरी उंबऱ्यावर नेऊन ठेवायची खोड होती. दर एक-दोन दिवसांनी कुठूनतरी किंकाळी यायची, "उंदीर पडला!" बाया पोरांना ओढून अंगणात आणायच्या, पुरुष नुसतेच धोतराचे सोगे धरून उभे राहायचे. मग कुणीतरी ओरडायचं, "अव्वाला बोलवा!" अव्वा काडी घेऊन यायची, उंदीर उलटा करायची, मानेजवळ वाकून बघायची. मेलेला उंदीर बघणं तिच्या जिवावर यायचं. पण बघायची. "दात हाईत," म्हणायची. "आमच्या पटवाऱ्याचं काम." आणि सगळी गल्ली श्वास सोडायची. ज्या मांजरांनी भिववलं त्यांच्याच दातांवर आमचा जीव टांगलेला होता.

माझी बायको तेव्हा पोटुशी होती. मी रोज सकाळी दार उघडण्याआधी फटीतून उंबरा बघायचो. शाळेत शिकवताना मध्येच थांबून गल्लीकडे कान लावायचो.

एका संध्याकाळी वाटी वाजवून झाल्यावर अव्वा माझ्या दाराशी आली. "मास्तर, गाव उठलं तर ह्यांचं कसं?"

"बरोबर घ्या."

"येत न्हाईत हो. आणि आणली तरी माळावर कोण ठिवू देईल? उंदीर खाणारं जनावर." ती लंगडीकडे बघत होती. लंगडीचं पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. "हितं ठिवली तर उपाशी मरतील, न्हायतर मेलेलं उंदीर खाऊन मरतील. मला तर झोपच न्हाय."

माझ्याही घरात तेच चाललं होतं.

पुढचा उंदीर कासारमामांच्या दारात निघाला. संक्रांत तोंडावर होती, बांगड्यांचा माल भरलेला होता. अव्वा आली, वाकली, काडीनं उंदीर फिरवला. मग पुन्हा फिरवला. फार वेळ ती बघत होती.

"दात असतील की अव्वा," कासारमामा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "नीट बघा जरा."

गल्लीत प्रत्येकाला तेच ऐकायचं होतं. मलाही. आणि सगळ्यांपेक्षा जास्त तिला. 'दात हाईत' एवढं म्हटलं असतं तर तिची मांजरं तिच्यापाशी राहणार होती आणि आम्ही सगळ्यांनी खुशीनं विश्वास ठेवला असता. ती काडी टाकून उठली.

"दात न्हाईत," ती म्हणाली. "उंदीर पडलाय. उठा. लेकरंबाळं घ्या आणि उठा."

दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. अव्वानं मांजरं डालग्यात कोंबून वेशीपर्यंत नेली. तिथं झाकण उचकटून एकेकानं उडी मारली आणि ती सरळ घराकडे पळाली. अव्वा तिथंच उभी राहिली, रिकामं डालगं घेऊन. मग आमच्यामागं आली.

किल्ल्याच्या खंदकापलीकडे माळावर आमच्या झोपड्या पडल्या. अव्वानं आपली झोपडी सगळ्यांपासून लांब, गावाकडच्या अंगाला घातली. कुणी सांगितलं नव्हतं. "म्या रोज वेशीपातूर जाणार," तिनं मला सांगितलं. "तुमच्यात मिसळाया नको. तुमच्या घरात दोन जिवाची बाई हाय." रोज दिवस कलला की ती भाकरी आणि दूध घेऊन जायची. वेशीच्या आत पाऊल टाकायची नाही. बाहेर उभी राहून वाटी वाजवायची. तो आवाज झोपड्यांपर्यंत यायचा आणि माळावरच्या माणसांचं बोलणं जरा थांबायचं. मला बरं वाटायचं, आणि लगेच भीतीही वाटायची. ती परत आली की मी लांबून हाक मारायचो, "सगळी आली का, अव्वा?"

"आली. पर एक कमी वाटतंय."

मी हसायचो. एके दिवशी मात्र ती म्हणाली, "लंगडी न्हाय आली." दुसऱ्या दिवशीही नाही आली. अव्वा झोपडीसमोर बसून होती, जेवली नव्हती. "कुठंतरी अडकली असंल. पिल्लं व्हायच्या बेतात हाय हो ती."

"अव्वा, आत जाऊ नका," मी म्हणालो. ओरडलोच जवळजवळ. "तुम्हाला माझी आण आहे."

"न्हाय जात," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी वाटीचा आवाज आला, थांबला, आणि मग बऱ्याच वेळानं पुन्हा आला. पण या वेळी तो लांबून येत होता. गल्लीतून. मला कळलं. माझ्या बायकोलाही कळलं. तिनं माझा हात घट्ट धरला.

लंगडी सापडली नाहीच. अव्वाला मात्र ताप भरला. तिनं झोपडीसमोर जमिनीवर काठीनं रेघ ओढली आणि सांगितलं, "मास्तर, हिच्या अलीकडं यायचं न्हाय." माझी बायको पेज करून द्यायची, मी ती रेघेपाशी ठेवायचो आणि मागं सरायचो. अव्वा रांगत येऊन घ्यायची. पुढं पुढं पेज तशीच राहायला लागली. वेशीवर वाटी वाजणं बंद झालं आणि माळावर संध्याकाळ झाली तरी कुणाला कळेना, आता काय करायचं.

अशाच एका संध्याकाळी पोरं ओरडली. गावाकडच्या वाटेनं मांजरं येत होती. पुढं सुभेदार, रोडावलेला, मागं बाकीची. भुकेनं आली असतील, रोजच्या वाटेचा वास काढत आली असतील, असं मी आजही स्वतःला सांगतो. माणसांनी दगड उचलले. कासारमामांनीही काठी उचलली होती. पण मांजरं आमच्याकडे वळलीच नाहीत. ती अव्वाच्या झोपडीसमोर जाऊन बसली. कासारमामांनी काठी खाली टाकली आणि दगड उचललेल्या माणसांना म्हणाले, "बसू द्या रे. राहू द्या."

"कोण आलंय?" आतून अगदी बारीक आवाज आला.

"मांजरं आलीत, अव्वा. घर सोडून आलीत."

मग ती म्हणाली, "नावं घ्या."

रेघेपाशी उभं राहून मी नावं घेतली. सुभेदार. पटवारी. अमीन. एकेक नाव घेतलं की आतून "हं" यायचा. शेवटी मी म्हणालो, "लंगडी."

"आली व्हय?"

"आली. आत्ताच आली. पोचायला वेळ लागला तिला."

"पोट उतरलंय का तिचं?"

मी माझ्या झोपडीकडे बघितलं, बायको दारात उभी होती. "उतरलंय," मी म्हणालो.

आतून "हं" आला नाही. थोड्या वेळानं आवाज आला, त्यात राग नव्हता, माझी समजूत घातल्यासारखा होता. "मास्तर, एक कमी वाटतंय."

त्यानंतर ती बोलली नाही. तिच्या लोकांत माणसाला बसवून माती देतात. त्यांनी तिला माळाच्या कडेला तशी दिली, आणि आम्ही सगळे लांब उभे राहिलो. मला रडू आवरलं नाही. कासारमामांना तर मुळीच नाही.

साथ सरली तेव्हा आम्ही गावात परतलो. घरं उघडली, उन्हं आत घेतली, भुई सारवली. अव्वाचं दुकान उघडायला कुणी पुढं होईना, म्हणून मी गेलो. आतल्या खोलीत, ज्वारीच्या कणगीमागं, जिथं हात पोचणार नाही अशा सांदीत काहीतरी हललं. लंगडी होती. नुसती हाडं राहिलेली, आणि तिच्या पोटाशी डोळे उघडलेली पिल्लं. अव्वा त्या दिवशी आत आली तेव्हा ती इथंच असणार. हाकेच्या अंतरावर.

मी पायरीवर बसलो. वाटी दाराशेजारच्या कोनाड्यात होती, मी माळावरून आणून ठेवलेली. दिवेलागण व्हायला आली होती. कासारमामा समोरून बघत होते. मी वाटी वाजवली. सुभेदार आला, पटवारी आला, सगळी आली. सगळ्यांत शेवटी, पाय ओढत, लंगडी पिल्लांना मागं घेऊन उंबऱ्यावर आली. दुधाकडे तिनं बघितलं नाही. माझ्या अंगावरून पलीकडे, वेशीच्या वाटेकडे बघत ती बसून राहिली.