एकशे नव्वद पावलं

"माणूस किती लांब आहे हे कळायला तो किती उंच आहे हे आधी ठाऊक पाहिजे," असं सुपडू महाजन एकदा म्हणाला होता.

कोणी विचारलं नव्हतं. एरंडोलच्या बाजारात उतरून आपल्या गावाकडे, जांभळखेड्याकडे निघालेल्या बैलगाडीत तो मागच्या बाजूला पाय सोडून बसला होता आणि गाडीमागे लहान होत जाणाऱ्या एका माणसाकडे पाहत होता. पलटण सोडून त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. डाव्या गुडघ्यात लोखंडाचा एक तुकडा राहून गेला होता, त्यामुळे तो पाय दुमडत नसे.

पलटणीत त्याच्याकडे दुर्बीण बसवलेली रायफल होती. दुर्बिणीच्या काचेत खालून वर येणारा एक टोकदार दांडा आणि एक आडवी तार. उस्ताद शिकवायचे, काचेतल्या माणसाकडे माणूस म्हणून बघू नका, माप म्हणून बघा. सैनिकाची उंची साडेपाच फूट धरा. तो काचेत जेवढा लहान, तेवढा लांब. दांड्याच्या तुलनेत तो केवढा दिसतो ते पाहा, भागाकार करा, अंतर निघतं. पासष्टच्या लढाईत पंजाबच्या हद्दीवर उसाच्या एका शेतात तो अकरा दिवस पालथा पडून होता. तिथलं तो फारसं सांगत नसे. बायकोला, बेबाबाईला, त्याने एकदाच सांगितलं होतं की समोरचा माणूस बसला की अंतर चुकतं. म्हणून तो उभा राहीपर्यंत थांबावं लागायचं. एकजण बराच वेळ बसून तोंड धूत होता.

"मंग?" बेबाबाईने विचारलं.

"मंग काय. उठना तो."

घरी आल्यावर रायफल नव्हती, काच नव्हती, पण सवय राहिली. त्याने बांबूची एक बोटभर कामटी तासली, तिच्यावर चाकूने खुणा पाडल्या आणि तिला हातभर दोरा बांधला. दोऱ्याचं टोक दातात धरायचं, दोरा ताणून कामटी डोळ्यासमोर धरायची, म्हणजे कामटी डोळ्यापासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर राहते. मग लांबचा माणूस किती खुणांत मावतो ते बघायचं. तो विहिरीवरून मोजायचा, देवळाच्या ओट्यावरून मोजायचा. गावाला त्याची करमणूक होती.

"सुपडूभाऊ, मनी सासू आठून कितली लांब शे?" पारावरून कोणीतरी विचारायचं.

"उंची सांग."

"उंच नही भो, रुंद शे!"

"मंग तिले आडवी पाड, मी मोजी देस," असं म्हणून तोही हसायचा. पाठ वळेपर्यंत ते हसू गेलेलं असायचं.

त्याचा धाकटा भाऊ रुपचंद मात्र हसत नसे. भावाने काढलेलं अंतर तो स्वतः पावलांनी चालून पडताळायचा आणि दर वेळी ते दोनचार पावलांच्या फरकाने बरोबर निघायचं. त्याचा त्या कामटीवर देवासारखा विश्वास बसला होता.

बहात्तरचा पाऊस आला नाही. विहिरींच्या तळाशी आधी चिखल दिसला, मग भेगा. गुरं छावणीला गेली आणि माणसं पाझर तलावाच्या कामावर. सुपडू दुमडत नसलेला पाय पुढे पसरून खडी फोडायचा. रुपचंद आणि त्याची बायको यशोदाबाई माती वाहायचे. त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये काम एकाएकी बंद झालं. का, ते कोणी सांगेना. गावाबाहेरच्या गोदामात लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, पोती येऊन पडली होती, तीही वाटेनात. नवव्या दिवशी सकाळी आसपासच्या चार गावांतली माणसं गोदामाकडे निघाली. काम सुरू करा नाहीतर धान्य वाटा, एवढंच मागायचं होतं.

गोदामासमोर बारा पोलीस एका ओळीत उभे होते. जमाव अलीकडे, कोरड्या नाल्याच्या काठावर थांबला. पुढच्या पोरांनी चारदोन दगड फेकले. ते नाल्यातच पडले. पोलिसांच्या फौजदाराने भोंग्यातून काहीतरी सांगितलं, ते वाऱ्यात गेलं. मग बाराही बंदुका खांद्याला लागल्या.

मागच्या रांगेतून लोक पांगायला लागले. रुपचंदने सुपडूचा दंड धरला.

"भाऊ, गोया घालतीन का ह्या? आपुन पयी जाऊत का?"

सुपडूने खिशातून कामटी काढली. दोरा दातात धरला. एक पोलीस बुटापासून टोपीपर्यंत खुणांमध्ये घेतला. पोलिसाची उंची भरतीच्या वेळी मोजलेली असते, तिथे अंदाज चुकण्याचा प्रश्न नव्हता. त्याने दोरा दातातून सोडला.

"एकशे नव्वद पावलं शेतस. आपला दगड तठलोंग जात नही. मंग त्या कसाले घालतीन? उभा ऱ्हाय. पयनारालेच पहिले मारतस."

रुपचंद उभा राहिला. त्याला तसं उभं राहिलेलं पाहून बाजूचे दोघेतिघेही थांबले.

पहिल्या फैरीत रुपचंद पडला. गोळी गळ्याखाली लागली होती. बोलता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसरी फैर हवेत झाली. नाल्याच्या काठावर तेवढे दोघे राहिले. एक आडवा होता आणि दुसरा गुडघा दुमडत नाही म्हणून त्याच्याशेजारी अर्धवट वाकून उभा होता. अंतर बरोबर होतं. एकशे नव्वद पावलांवर त्या बंदुकीला काहीच कठीण नसतं, हे त्या सगळ्या जमावात एकट्या सुपडूला ठाऊक होतं. तरीही त्याने दगडाचाच हिशेब केला होता. पलटणीत समोर जमाव असला तर त्याच्यापासून धोका असेल तरच गोळी घालायची असं त्याला शिकवलं होतं, आणि पोलिसांनाही तेच शिकवलं असेल असं त्याने धरलं.

सरकारी कागदात वेगळं आलं. जमाव गोदाम लुटण्यासाठी तीस पावलांपर्यंत चालून आला, सर्वांत पुढे पहार घेतलेला रुपचंद भिका महाजन होता, स्वसंरक्षणासाठी गोळीबार करावा लागला. रुपचंदच्या हातात पहार नव्हती, टोपली होती. धान्य मिळालंच तर त्यात आणायचं म्हणून घेतलेली.

जूनमध्ये जळगावला चौकशी लागली. गावाच्या बाजूने एरंडोलचे सुरेशचंद वकील उभे राहिले. त्यांचं घराणं कापडाच्या दुकानाचं, मारवाडातून आलेलं. हा मुलगा वकील झाला आणि असल्या कामांच्या मागे लागला म्हणून वडील त्याच्याशी धड बोलत नसत. साक्षीच्या आदल्या दिवशी सुरेशचंद सुपडूच्या घरी आले.

"भाऊ, सगळं अंतरावर आहे," ते म्हणाले. "तीस पावलं ठरली तर रुपचंद लुटारू. एकशे नव्वद ठरली तर तो नुसता उभा असलेला माणूस. मोजणारे तुम्ही एकटे. फक्त एक करा. गोळीबारानंतर पावलांनी मोजलं असं सांगा. आधी मोजलं म्हणालात की ते विचारणार, कशासाठी मोजलं? त्यात शिरू नका."

रुपचंदला 'उभा ऱ्हाय' म्हटल्याचं सुपडूने वकिलांना सांगितलं होतं. घरात सांगितलं नव्हतं.

यशोदाबाई दाराआड उभी होती. थोरल्या दिरासमोर ती पदर ओढून घ्यायची आणि लग्नाला अकरा वर्षं होऊनही त्याच्याशी थेट बोलायची नाही. जे सांगायचं ते जावेमार्फत.

"अक्का," ती आतून म्हणाली, "त्यासले म्हना, मना घरधनीले लुटारू म्हनतस तेवढं पुसा. बठ्ठं खरं सांगा."

बेबाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. सगळं खरं सांगा, हे त्याला परत सांगायची गरज नव्हती, त्याने ऐकलं होतं.

चौकशीची खोली पहिल्या मजल्यावर होती. पंखा फिरत होता आणि कागदांवर दगड ठेवले होते. भिंतीशी दोन बाकं होती, एका बाकावर बेबाबाई आणि पदराआड यशोदाबाई. सुपडूने शपथ घेतली आणि अंतर सांगितलं.

"कसं मोजलं?" सरकारी वकिलाने विचारलं.

सुरेशचंद समोरच्या कागदाकडे बघत राहिले.

"पावलांनी," सुपडू म्हणाला.

"कधी?"

"नंतर."

"गोळीबारानंतर त्या जागेला आठ दिवस पहारा होता. नाल्यापासून गोदामापर्यंत तुम्हाला कोणी चालू दिलं?"

सरकारी वकिलाने चौकशी अधिकाऱ्यांकडे बघून खांदे उडवले. "साहेब, साक्षीदार मृताचा भाऊ आहे. अंतर घरी बसून काढलेलं आहे."

अधिकारी लेखनिकाला काहीतरी सांगण्यासाठी वळले. ते काय सांगणार हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. सुपडूने खिशात हात घातला आणि कामटी टेबलावर ठेवली.

"पावलांनी नाही साहेब. याने मोजलं."

वकिलाने दोऱ्याला धरून ती उचलली. "हे काय? पोराचं खेळणं?"

"पलटणीत दुर्बिणीने मोजत होतो. हे तेच आहे. बघायचं तर बघा."

अधिकाऱ्यांना उत्सुकता वाटली असावी. ते उठून खिडकीशी गेले. खाली फाटकाशी जब्बार नावाचा शिपाई विडी ओढत उभा होता.

"तो किती लांब?"

सुपडूने दोरा दातात धरला, पुन्हा सोडला. "उंची किती त्याची?"

"जब्बार! उंची किती रे तुझी?"

जब्बारने विडी घाईघाईने पाठीमागे लपवली. "पाच फूट दोन साहेब! चपला सोडून!"

बाकांवर थोडं हसू झालं. सुपडूने परत दोरा ताणला, मनात भागाकार केला. "चौऱ्याऐंशी पावलं, या खिडकीपासून."

खिडकीच्या गजापासून फाटकापर्यंत सुतळी ताणली आणि ती वऱ्हांड्यात आणून मोजली. ब्याऐंशी भरली. अधिकारी परत खुर्चीत येऊन बसले, त्यांनी चष्मा काढला, पुसला. "एकशे नव्वद लिहून घ्या," ते लेखनिकाला म्हणाले.

सुरेशचंदांनी श्वास सोडला. इथेच थांबलं असतं तर चाललं असतं.

"एक मिनिट साहेब," सरकारी वकील उठले. "आता हे खरं धरू. मग यांनी मोजलं ते गोळीबाराआधी. समोर बंदुका रोखलेल्या, लोक पळताहेत, आणि हे दातात दोरा धरून मोजताहेत. कशासाठी? हल्ला कुठून करायचा ते ठरवायला?"

सुपडूने बाकाकडे पाहिलं नाही.

"भावाने विचारलं म्हणून."

"काय विचारलं?"

"गोळ्या घालतील का. पळू का."

"आणि तुम्ही काय सांगितलं?"

पंखा फिरत होता. सवय म्हणून मोजलं, असं म्हणता आलं असतं. भावाला उत्तर देण्याआधीच फैर झाली, असंही म्हणता आलं असतं. ऐकणारा रुपचंदच होता आणि तो नव्हता.

"सांगितलं, एकशे नव्वद पावलं आहेत. एवढ्या लांबून घालणार नाहीत. उभा राहा."

"म्हणजे तो तुमच्या सांगण्यावरून थांबला?"

"हो."

अधिकाऱ्यांनी सावकाश मजकूर सांगितला आणि लेखनिकाने तो लिहून मोठ्याने वाचला. मृत इसम गोळीबाराच्या वेळी पोलिसांपासून एकशे नव्वद पावलांवर जागीच उभा होता. तो पळून जाण्याच्या विचारात असता साक्षीदाराने त्यास थांबण्यास सांगितले, म्हणून तो थांबला. सबब तो चालून गेला असे दिसत नाही.

सुरेशचंदांनी मान हलवली. याहून स्वच्छ शब्द त्यांना मिळाले नसते. सुपडूने त्याखाली मराठीत सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

तो वळला तेव्हा यशोदाबाई उभी होती. पदर खांद्यावर उतरला होता. अकरा वर्षं एकाच अंगणात काढून तिचा चेहरा त्याने असा समोरून पाहिला नव्हता. बेबाबाई तिचा हात ओढत होती, "खाले बस, बाई, खाले बस," म्हणत होती. तिने जावेकडे बघितलं नाही. सरळ त्याला नवऱ्याबद्दल विचारलं.

"त्या पयनार व्हतात?"

लेखनिकाने टाक वर उचलून धरला, हे लिहायचं की नाही ते त्याला कळेना.

"माले सांगा. त्या पयनार व्हतात ना?"

सुपडू तिच्यासमोर उभा राहिला, हातभर अंतरावर. मग न दुमडणारा पाय ओढत तो बाकाला वळसा घालून दाराबाहेर पडला.