माहेरी आलेली मासोळी

वर्धा नदीच्या घाटावरचा आमचा मासोळीवाला प्रत्येक वाक्यामागं "हो का नाई, काकू?" लावायचा, अन् उत्तराआधीच पुन्हा जाळं विणायला लागायचा. पुराचं पाणी नाल्यातून वावरात शिरलं, की मासोळ्या अंडी घालायला वर चढत. सारं गाव टोपल्या घेऊन धावे. हा मात्र जाळं खुंटीला टांगून घरी बसे.

ऐंशी सालाच्या आसपास, ऐन पुराच्या दिवसांत माझी लेक बाळंतपणाला आली, अन् तिला अंडीभरल्या मासोळीचे डोहाळे लागले. मी त्याच्याकडे गेले. त्याच्याच चुलीवर नुसती अंबाडीची भाजी होती.

"थे मासोळीबी पोटुशीच हाय, काकू. बाळंतपणाले माहेरी येऊन राह्यली. तिले कसं धरू? हो का नाई?"

या वेळी मात्र तो थांबला, माझ्याकडे बघत.

"हो रे बाबा," म्हटलं, अन् रिकामी पिशवी घेऊन परतले.