गाठ माझी, चप्पल कुणाची?

लातूरचा भूकंप सगळ्यांना जाणवला. त्यानंतर काही वर्षांनी आणखी एक झाला, तो फक्त मला जाणवला.

मी शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवत होतो. अचानक फळा हलला, जमीन हलली. "भूकंप! पळा!" असं ओरडून मीच सर्वांत आधी रस्त्यावर आलो. (गुरूने मार्ग दाखवायचा असतो!) मागोमाग अख्खी बॅच. जमीन मात्र जागच्या जागी होती. हललं होतं ते माझं डोकं.

बायकोने, म्हणजे सुमनने, मला धरून डोक्याचा फोटो काढायला नेलं. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत, एक बारीकशी गाठ निघाली.

"सर, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "असल्या गाठी लई जणांना असतात. दहा धडधाकट माणसांचे फोटो काढले, तर एखाद्याच्या डोक्यात सापडतेच. बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. चक्कर तुम्हाला उपासाने आली. तरी रक्त तपासू."

हे ऐकून भीतीपेक्षा मला कुतूहलच जास्त वाटलं. दहांत एक! आणि कुणाला माहीतच नाही!

सुमनने उदगीरला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नातेवाईक भेटायला हजर. दाराशी चपलांचा ढीग, आत चहाची आधणं, आणि मधोमध मी, हातात खडू घेऊन! ही ग्रंथी बिघडली तर माणसाचे हातपाय वाढतात, अंगठी घट्ट होते, हे मी रंगवून सांगितलं. शेवटी सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणालो, "हिशेबाने बघितलं तर तुमच्यातही एकाला ती असणार."



"तो एक तूच की रे भास्कर," मावशी म्हणाली.

"मला सोडून, मावशी!"

लगेच मावशीने अंगठी ओढून बघितली. निघेना. "आगं माय!"

"ती तुझ्या लग्नापासून निघत न्हाई," उदगीरचे मामा म्हणाले, पण स्वतःचे तळवे न्याहाळतच. मग त्यांना एकदम गाडीची आठवण झाली आणि ते घाईघाईने निघून गेले.

थोड्या वेळाने मी रक्ताचा रिपोर्ट आणायला उठलो. दाराशी चप्पल घातली. पाय आत जाईना! जोर लावला, तर टाच मागे लोंबकळली.

"सुमन! पाय वाढला!"

"अहो, काल तर बरोबर बसत होती!"

"तेच तर! एका दिवसात वाढला!"

खरं सांगतो, त्या क्षणी माझं सगळं कुतूहल विझलं. आता कवटी उघडतील, पोरीचं लग्न बघायचं राहील, असं काय काय मनात आलं. मावशीने गळा काढला. चपला हातात घेऊन, अनवाणीच मी रिक्षात बसलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, मग माझा पाय बघितला. "सर, रक्त अगदी नॉर्मल आहे. पाय असा एका दिवसात वाढत नसतो. तुम्ही हे शिकवता ना?"

"शिकवतो. पण ही चप्पल बघा!"

उतरल्या चेहऱ्याने घरी आलो, तोच फोन वाजला. उदगीरहून मामा. आवाज एकदम बारीक.

"भास्कर, मामीला सांगू नको. तू म्हणाला तो एक जण मीच हाय. पण माझं उलटं होऊन राहिलं! पाय बारीक झाला रे. स्टँडापासून घरापर्यंत चप्पल तीनदा गळून पडली!"

मी हातातल्या चपलेकडे बघितलं. दिवाळीत मामांनी नि मी एकाच दुकानातून एकसारख्या चपला घेतल्या होत्या.

माझी गाठ अजून तेवढीच आहे. पण सुमन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "डोक्यात गाठ दहांत एकाला असते. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून डॉक्टरकडे धावणारा मात्र अख्ख्या लातुरात एकच निघाला, आणि तो माझ्या नशिबी!"